दोन पिनी स्पीकर माइक: पिना बसतात, पण सेटशी जमतो का?

‘सगळ्या वॉकी-टॉकीला चालतो’ असं सांगून विकला जाणारा दोन पिनांचा स्पीकर माइक, म्हणजे वॉकी-टॉकीचा सेट कमरेला ठेवून खांद्यावरून बोलायचा-ऐकायचा वायरवाला माइक, आता संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत सहज मिळतो. खोक्यावरचं नाव बदलतं, आतली वस्तू बहुतेक तीच असते: तळहाताएवढा काळा डबा, बाजूला पीटीटीचा, म्हणजे बोलताना दाबून धरायचा, खटका, मागे फिरणारी क्लिप, वेटोळ्याची वायर आणि टोकाला एकाच प्लास्टिकात बसवलेल्या दोन पिना, एक जाड आणि एक बारीक. किंमत साधारण पाचशे ते हजारच्या घरात.

निकाल आधीच सांगतो. सेट केनवूड पद्धतीच्या पिनांचा असेल आणि काम यात्रेतल्या बंदोबस्ताचं, मंडळाच्या मिरवणुकीचं, सोसायटीच्या गेटचं किंवा उसाच्या गाड्यांच्या यार्डातलं असेल, तर हा माइक घ्यायला हरकत नाही. मात्र घेण्याआधी काउंटरवरच तपासायचा. जिनिंग, साखर कारखान्याचं मिल हाउस, जालन्याच्या रोलिंग मिल अशा ठिकाणी रोज आठ तास वापरायचा असेल, तर तो टिकणार नाही. तिथे सेटच्याच कंपनीचा माइक घ्यावा. आणि सेट मोटोरोला, आयकॉम किंवा यासूचा असेल, तर हा माल मुळात तुमच्यासाठी नाहीच, दुकानदार काहीही म्हणो.

‘दोन पिना’ एवढ्यावर काहीच ठरत नाही. खरी गफलत इथेच होते. केनवूड पद्धतीत जाड पिन ३.५ मिमीची आणि बारीक २.५ मिमीची असते. जाड पिन माइकची, बारीक स्पीकरची. मोटोरोलाच्या दोन पिनी सेटमध्येही ३.५ आणि २.५ हीच मापं आहेत, पण काम उलटं: जाड पिन स्पीकरची, बारीक माइकची. आयकॉमच्या दोन पिनी सेटमध्येही जाड पिन स्पीकरचीच. दोन पिनांमधलं अंतरही प्रत्येकाचं वेगळं, म्हणून सहसा चुकीचा माइक बसतच नाही, आणि ते बरंच आहे. जोर लावून किंवा मधे ऍडॅप्टर घालून बसवला, की गोंधळ सुरू होतो.

आपल्याकडे सर्वात जास्त दिसणारे बाओफेंग यूव्ही-५आर आणि बीएफ-८८८एस, क्वानशेंग यूव्ही-के५, टीवायटीचा एमडी-३८० आणि केनवूडचे स्वतःचे दोन पिनी टीके सेट या सगळ्यांना केनवूड पद्धतीचा माइक चालतो. पण बाओफेंग आहे म्हणून चालेलच, असं धरून चालू नका. त्याच कंपनीच्या यूव्ही-९आर या पाणीरोधक सेटला स्क्रूने आवळायचा वेगळाच जोड असतो. त्याला हा माइक लागत नाही.

मोटोरोलाची तऱ्हा वेगळी. एक्सआयआर पी३६८८ सारख्या सेटला मोटोरोलाचा दोन पिनी माइक लागतो, तर एक्सआयआर पी८६६८ ला बाजूच्या अनेक टोकांच्या जोडावर बसणारा. एकाचा माइक दुसऱ्याला बसणं शक्यच नाही. यासूच्या एफटी-६०आर ला एकच चार टप्प्यांची ३.५ मिमीची पिन लागते, म्हणजे मोबाइलच्या हेडफोनसारखी दिसणारी. दिसायला सारखी असली तरी आतली जोडणी वेगळी, त्यामुळे मोबाइलचा माइकवाला हेडफोन त्यात घालून काही साधत नाही. यासूच्याच दोन सेटमध्येही माइकची अदलाबदल गृहीत धरू नये. एफटी-६०आर साठी कंपनी एमएच-३४बी४बी देते, एफटी-६५आर साठी एसएसएम-१७ए. विकत घेताना सेटचं मॉडेल नको, माइकचा पार्ट नंबर जुळवा. तो सेटच्या पुस्तिकेत मागच्या पानांवर ऍक्सेसरीच्या यादीत छापलेला असतो.

पीटीटी कसा काम करतो, यातही फरक आहे. केनवूड पद्धतीत प्रत्येक पिनेच्या बुडाशी जो धातूचा भाग असतो त्याला स्लीव्ह म्हणतात. खटका दाबला की जाड पिनेची स्लीव्ह बारीक पिनेच्या स्लीव्हला, म्हणजे ग्राउंडला, जोडली जाते आणि सेट ट्रान्समिटवर जातो, म्हणजे आवाज पाठवू लागतो. आयकॉमच्या हँडसेटमध्ये स्वतंत्र पीटीटीची तार नसते. माइकच्याच तारेतून रेझिस्टरमार्फत ग्राउंडकडे थोडा करंट वाहिला की सेटला कळतं. म्हणून नुसत्या पिना जुळवणारा ऍडॅप्टर लावला तर ऐकू येतं, पण बोलता येत नाही, किंवा उलट सेट सतत ट्रान्समिट करत राहतो.

स्पीकरच्या बाबतीत धोका जास्त. मोटोरोलाच्या बऱ्याच सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा ऍम्प्लिफायरमधूनच येतात, त्यातली एकही ग्राउंडला नसते. घरगुती ऍडॅप्टरमध्ये त्यातली एक तार ग्राउंडला चिकटली, तर सेटचा ऑडिओ आयसी, म्हणजे आवाजाची चिप, जळू शकतो. पाचशेच्या माइकपायी पंधरा-वीस हजारांचा सेट उघडायची वेळ येते. वायर कापून पिन बदलण्याचा उद्योग सर्किट समोर असल्याशिवाय करू नये.

आता काउंटरवरची तपासणी. एक साधा मल्टिमीटर लागतो. मोबाइल दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात तो असतोच, पैठण गेटच्या मोबाइल बाजारात तर शेजारच्या टेबलवरून मागून घेता येतो. सेटला न लावता आधी माइकच मोजायचा.

मीटर ओहमवर ठेवा. एक टोक बारीक पिनेच्या अगदी टिपेला, दुसरं त्याच पिनेच्या स्लीव्हला. ८ ओहमचा स्पीकर असेल तर मीटर सहा ते आठच्या मधे काहीतरी दाखवतो, १६ ओहमचा असेल तर साधारण त्याच्या दुप्पट. टोक टेकवताना स्पीकरमधून बारीक ‘कट्’ असा आवाज येतो, तो कान देऊन ऐका. मीटर काहीच दाखवत नसेल तर स्पीकरची तार तुटलेली आहे. शून्याच्या जवळ दाखवत असेल तर आत शॉर्ट आहे. तो माइक सेटला लावूच नका.

मग मीटर बीपवर घ्या. एक टोक जाड पिनेच्या स्लीव्हला, दुसरं बारीक पिनेच्या स्लीव्हला. खटका न दाबता बीप येता कामा नये, दाबला की यायलाच हवा, सोडला की लगेच थांबायला हवा. खटका दाबून धरा आणि वायर दोन ठिकाणी हलवा: जिथे ती डब्यात शिरते तिथे आणि जिथे पिनेच्या प्लास्टिकात शिरते तिथे. वेटोळं हातभर ताणा, सोडा. बीप तुटत-तुटत येत असेल तर वस्तू परत द्या. या वर्गातल्या माइकमध्ये बिघाड बहुतेक याच दोन ठिकाणी येतो, कारण तिथे वायर वाकते आणि रबराची बाही आखूड असते. खटका कडेला, म्हणजे वरच्या आणि खालच्या टोकाला, दाबूनही पाहा. स्वस्त मालात आतलं बटण बारीक असतं आणि वरचं रबर मोठं, त्यामुळे मधोमध दाबलं तरच लागतं. हातमोजे घालणाऱ्या माणसाला ते त्रासाचं ठरतं.

ही स्लीव्हची मोजणी फक्त केनवूड पद्धतीला लागू आहे. मोटोरोला किंवा आयकॉमच्या माइकवर हेच आकडे शोधत बसू नका.

मोजून झालं की सेटला लावा. आधी सेट बंद करा, माइक पूर्ण आत ढकला, मग चालू करा. लगेच सेटवरचा दिवा पाहा. काहीही न दाबता लाल दिवा लागला, तर सेट ट्रान्समिटवर अडकलाय. या वस्तूबद्दलची सर्वात जास्त तक्रार हीच, आणि कारण बहुतेक वेळा माइकमध्ये नसतं. पिनेभोवतीचं प्लास्टिक जाड असतं. सेटच्या बाजूचा खोलगट भाग अरुंद असला, किंवा सेटवर रबरी कव्हर असलं, की प्लास्टिक अडतं आणि पिना दीड-दोन मिलिमीटर बाहेर राहतात. मग पिनेचे टप्पे आतल्या चुकीच्या पत्र्यांना टेकतात आणि पीटीटीची तार ग्राउंडला लागते. सेटला वाटतं खटका दाबलाय. अशा वेळी कव्हर काढा. तरी अडत असेल तर पिनेच्या प्लास्टिकची सेटकडची कड ब्लेडने थोडी-थोडी तासा, धातूला पातं लागू देऊ नका. पिन नीट बसली की हाताला शेवटचा ‘टक्’ जाणवतो आणि प्लास्टिक सेटला चिकटून राहतं.

अडकलेला सेट नुसता त्रास देत नाही. तो त्या चॅनेलवरच्या सगळ्यांचं बोलणं बंद पाडतो, बॅटरी संपवतो आणि गरम होतो. तुळजापुरात नवरात्रात किंवा पैठणला नाथषष्ठीला पन्नास स्वयंसेवक एकाच चॅनेलवर असतात. त्यातल्या एकाची पिन अर्धवट असली तर सगळे मुके होतात, आणि नेमका कोणाचा सेट अडकलाय ते गर्दीत सापडत नाही. म्हणून स्पीकर माइक वापरणाऱ्या प्रत्येक सेटवर टाइम-आउट टायमर, म्हणजे ठरलेल्या वेळेनंतर ट्रान्समिट आपोआप थांबवणारा, लावलाच पाहिजे. यूव्ही-५आर मध्ये तो मेनू ९ ला आहे, टीओटी नावाने. ६० सेकंद पुरतात. त्याच सेटचा मेनू ४, व्हॉक्स, बंद ठेवा. तो चालू असला तर छातीवरचा माइक ढोल-ताशा ऐकूनच ट्रान्समिट सुरू करतो.

आवाजाची चाचणी करताना दोन सेट शेजारी-शेजारी धरू नका. एकाचा स्पीकर दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो, शिट्टी वाजते आणि माइकला उगाच दोष लागतो. दुसरा माणूस पंचवीस-तीस मीटरवर, भिंतीआड उभा करा, पॉवर लो वर ठेवा. माइक ओठांपासून तीन-चार बोटं दूर, थोडा तिरका धरून नेहमीच्या आवाजात बोला. आधी सेटच्या स्वतःच्या माइकवरून एक वाक्य, मग पिन लावून तेच वाक्य. ऐकणाऱ्याने मोबाइलवर रेकॉर्ड करावं. आठवणीवर भरवसा ठेवून तुलना करू नये.

या चाचणीत स्वस्त माइकचा खरा कमकुवतपणा दिसतो: आवाज बसका, घोंगडीआडून आल्यासारखा. दोष बहुतेक वेळा इलेक्ट्रेट कॅप्सूलचा, म्हणजे आवाज पकडणाऱ्या आतल्या बारीक माइकचा, नसतो, जागेचा असतो. डब्यावरचं माइकचं छिद्र टाचणीएवढं असतं आणि आतली कॅप्सूल त्याच्या बरोबर मागे नसून मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकलेली असते. कॅप्सूलभोवती फोमची चकती नसेल, तर आवाज आधी डब्याच्या पोकळीत घुमतो आणि मग कॅप्सूलपर्यंत पोहोचतो. मागचे स्क्रू काढून कॅप्सूल छिद्रासमोर आणली, भोवती फोमची बारीक चकती लावली आणि छिद्र दीड मिलिमीटरपर्यंत मोठं केलं, तर फरक लगेच ऐकू येतो. छिद्र मोठं करताना कॅप्सूल आधी बाजूला घ्या, ड्रिलचं टोक आत गेलं तर ती फुटते. काम दहा मिनिटांचं, पण वॉरंटी संपते. तेव्हा परत द्यायची मुदत आधी पाहा. यूव्ही-के५ सारख्या सेटमध्ये मेनूतूनच माइक गेन, म्हणजे माइकचा आवाज, वाढवता येतो, डीएमआर म्हणजे डिजिटल सेटमध्येही बहुधा सॉफ्टवेअरमधून. यूव्ही-५आर मध्ये ती सोय नाही, त्यामुळे तिथे माइक चांगला असणं जास्त महत्त्वाचं.

लो पॉवरवर सगळं ठीक, आणि हाय वर गेलं की समोरच्याला गुणगुण किंवा शिट्टी ऐकू येते, किंवा खटका सोडूनही सेट सुटत नाही: हा त्रास वेगळा. चार-पाच वॅटची आरएफ, म्हणजे रेडिओ लहरींची ऊर्जा, अँटेनातून वायरवर चढते आणि माइकच्या तारेतून परत सेटमध्ये शिरते. स्वस्त वायरला नीट शिल्डिंग नसतं, आत कॅप्सूलवर छोटा कपॅसिटरही नसतो. वायर अँटेनाला गुंडाळलेली असेल तर आधी ती दूर करा. सेटजवळच्या टोकाला दोन तुकड्यांचा फेराइट, म्हणजे ही आरएफ अडवणारा वायरवर बसणारा ठोकळा, लावा आणि जमलं तर वायरचे दोन वेढे त्यातून काढा. सोल्डरिंग येत असेल तर कॅप्सूलच्या दोन पायांवर १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर बसवा. म्हणूनच चाचणीत एकदा हाय पॉवरवर बोलून पाहायला विसरू नका. लो वर पास झालेला माइक इथे नापास होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट, माइकचा दोष नसलेली. सेट कमरेला आणि माइक खांद्यावर अशी मांडणी केली की अँटेना अंगाला चिकटते, शरीर बराच सिग्नल शोषून घेतं आणि हातात धरलेल्या सेटपेक्षा पल्ला घटतो. लोक म्हणतात, नवीन माइक लावल्यापासून लांबचं लागत नाही. सेट छातीच्या पट्ट्यात वर बांधला की बराच फरक पडतो.

धूळ आणि ऊन हा आपल्या भागाचा खास प्रश्न. जिनिंगमध्ये कापसाचे तंतू माइकच्या छिद्रात आणि स्पीकरच्या जाळीत जाऊन बसतात, आठवड्याभरात आवाज दबतो. मऊ ब्रशने बाहेरून झाडा. कॉम्प्रेसरची हवा थेट मारू नका, स्पीकरचा पडदा फाटतो. काळ्या मातीची बारीक धूळ सेटच्या जॅकमध्ये शिरते. जॅकच्या आत एक पत्र्याचा स्विच असतो. पिन घातली की तो सेटचा आतला स्पीकर तोडतो, काढली की परत जोडतो. धुळीने तो अडकला की माइक काढल्यावर सेट मुका होतो, आणि माणूस सेट बिघडला म्हणून दुरुस्तीला नेतो. आधी पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. जमलं नाही तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पिनेवर मारून पुन्हा तेच करा. माइक लावलेला नसेल तेव्हा जॅकवरचं रबरी झाकण बंद ठेवणं हा त्यावरचा साधा उपाय आहे. मे महिन्यात गाडीच्या काचेखाली ठेवलेल्या माइकची पीव्हीसी वायर आधी चिकट होते, मग कडक होऊन तडकते. पॉलियुरेथेनची वायर असलेला माइक मिळाला तर शे-दोनशे जास्त द्या.

खोक्यावर आयपी५४ छापलेलं असेल तर त्याचा अर्थ धुळीपासून बऱ्यापैकी बचाव आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण. आयपी६७ म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण ही ग्वाही इअरफोनच्या जॅकचं झाकण बंद असतानाची. आणि सेटचं बाजूचं झाकण उघडून पिन घातली की सेटचा स्वतःचा बचाव तिथे संपतो. पाऊस असेल तर सेट प्लास्टिकच्या पिशवीत.

माइकच्या तळाशी किंवा बाजूला इअरफोनचा जॅक असतो, बहुतेक ३.५ मिमीचा, कधी २.५ चा. त्यातून फक्त ऐकू येतं, आणि इअरफोन घातला की स्पीकर बंद होतो. मोबाइलचा स्टिरिओ इअरफोन घातला तर बहुधा एकाच कानात आवाज येतो. जॅक मोनो आहे, बिघाड नाही. काही मॉडेलांवर वर नारिंगी बटण असतं. दुकानातच दाबून पाहा. सेटवर काही घडत नसेल तर त्याचे जादा पैसे देऊ नका.

माइकला परवाना लागत नाही, सेटला लागतो. भारतात २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी पॉवरच्या सेटसाठी परवान्याविना खुला आहे. बाकी व्यावसायिक वापराला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना हवा, हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या वापराला परीक्षा देऊन मिळणारा हॅम परवाना. सेटला उपकरण मंजुरी म्हणजे ईटीए असणंही गरजेचं. वॉकी-टॉकीच्या ऑनलाइन विक्रीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात फ्रिक्वेन्सी आणि परवान्याची माहिती विक्रीच्या पानावर देणं बंधनकारक केलं आहे. सेट आणि माइक एकत्र घेताय तर ही माहिती विक्रेत्याकडे मागा. माइकची चाचणीसुद्धा स्वतःला परवानगी असलेल्या चॅनेलवरच करायची.

कंपनीचा माइक घ्यायचा ठरलं, तर केनवूडच्या दोन पिनी सेटला केएमसी-२१ किंवा केएमसी-४५, मोटोरोलाच्या दोन पिनी सेटला पीएमएमएन४०१३. किंमत स्वस्त मालाच्या कितीतरी पट. त्या पैशात खटक्याची खात्री, जाड बाहीची वायर आणि स्पष्ट आवाज मिळतो. कारखान्याच्या तीन पाळ्यांत एकच माइक हातोहात फिरत असेल, तर हा खर्च योग्यच आहे. वर्षातून आठ दिवस वापरणाऱ्या मंडळाला तो करायची गरज नाही. त्यांनी दर पाच माइकमागे एक जास्तीचा ठेवावा.

वॉरंटी संपल्यावर या स्वस्त माइकचं काय दुरुस्त होतं? इलेक्ट्रेट कॅप्सूल आणि स्पीकर दोन्ही सुटे मिळतात, सोल्डरिंग येणारा कोणीही बदलू शकतो. कॅप्सूलला उलट-सुलट बाजू असते, धातूच्या कवचाला जोडलेला पाय ग्राउंडचा. खटक्याचं बटण रिमोटमध्ये असतं तसलंच, काही रुपयांचं. वायर डब्याजवळ तुटली तर दोन इंच कापून पुन्हा जोडता येते. पिनेच्या प्लास्टिकात तुटली तर मात्र नवा माइक घ्या. ती पिन साच्यात ओतलेली असते, फोडून जोडली तरी दोन पिनांमधलं अंतर नेमकं राहत नाही, आणि मग लाल दिव्याची तीच भानगड परत सुरू होते.